ओटा तोडून द्या म्हणाले

"ये पूरा स्लैब तुड़वा दीजिए, आंटी जी. और सिंक भी."

असं म्हणाली ती. माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून. स्लॅब म्हणजे आपला ओटा. उजव्या हाताची बोटं तिनं पदरात गुंडाळली होती आणि त्या गुंडाळलेल्या बोटांनी माझा नळ उघडून पाहत होती. उघडला. पाणी आलं. बंद केला. पदराचं टोक ओलं झालं, ते तिनं अंगापासून लांब धरलं. पार गेटाबाहेर जाईपर्यंत लांब धरलं.

हीच बाई बरं का. संक्रांतीला याच ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या तिळाच्या वड्या खात होती. "चाची, एक और लूँ?" म्हणाली होती. घे ना बेटा, मी म्हटलं. एक घेतली, मग आणखी घेतली, नवऱ्याच्या हातावर ठेवली. बोटं चाटली तिनं. तेव्हा मी चाची होते. आता आंटी जी झाले. मधे काय झालं ते सांगते. सगळं सांगते. मला बोलायची सवय आहे, लिहायची नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतले पेपर वाचून आणि पोरीची पुस्तकं वाचून शिकले. म्हणून जसं बोलते तसंच लिहिते आहे. कुठं शब्द वाकडा आला तर तुम्ही सरळ करून घ्या.

आम्ही वर्ध्याकडचे. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि त्यांच्यामागं मी लखनौला आले. चारबाग स्टेशनात उतरले तेव्हा मला हिंदी येत नव्हती. आता माझी पोरगी माझ्याशी मराठीत बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. असंच चाललं आमचं. वृंदावन योजना या सरकारी वसाहतीत हे घर घेतलं तेव्हा हे म्हणाले, भिंती सरकारनं बांधल्या, पण ओटा मी बांधणार. काळा दगड स्वतः निवडून आणला. उंची माझ्या कोपराला मोजून ठेवली. म्हणाले, तुझी आई आयुष्यभर जमिनीवर वाकून राहिली, तू उभी राहून भाकर थापायची. हे गेले, पण ओटा होता तसाच आहे. एक चीर नाही त्याला.

मग विकायला का काढलं? गुडघे. वरच्या खोलीत जाता येत नाही, आणि एकटीला एवढं घर करायचं काय? सुजाता, म्हणजे माझी पोरगी, नागपुरात बँकेत आहे. तिथं माझ्या बहिणीच्या वस्तीत, बहिणीच्या दाराला दार लागून, खालच्या मजल्याचं छोटं घर निघालं. अंगणात जांभूळ. बहीण फोनवर म्हणाली, "ये नं व माय, आता किती दिवस परमुलखात राहशीन?" तिथला मालक भला. म्हणाला, होळीपर्यंत थांबतो, नंतर नाही. म्हणजे इकडचं विकलं तर तिकडचं घेता येणार. माझं सगळं म्हातारपण त्या एका व्यवहाराला टांगलेलं होतं. हे ध्यानात ठेवा. मी हौसेनं भांडायला गेले नव्हते.

गिऱ्हाईक गुड्डूनं आणलं. गुड्डू आमच्या सेक्टरमधला प्रॉपर्टीवाला, मला अम्मा म्हणतो. नवरा कोर्टात वकील, बायको घरी. देखणी माणसं, बोलायला गोड. संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा आले. पाटी वाचली. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' लागतं. लखनौवाल्यांचा एक समज आहे हो. त्यांना वाटतं 'कर' म्हटलं की सगळे क्रिकेट खेळणारे, नाहीतर गाणारे, आणि सगळे पंडित. वर्ध्याकडच्या महारवाड्यात घरोघरी 'कर' आहेत हे त्यांच्या गावीही नाही. वकील म्हणाला, "आप लोग तो महाराष्ट्र के पंडित हुए ना?" मी म्हटलं, "हम नागपुर साइड के." मला वाटलं तो पुढं विचारेल. पुढं त्यानं विचारलंच नाही. त्याला हवं ते उत्तर त्यानं स्वतःच देऊन टाकलं होतं.

घर दाखवलं. आतली खोली तेवढी राहिली. सुजाता आदल्या दिवशी नागपूरहून आली होती, गाडी रखडलेली, पोरगी तिथं मेल्यासारखी झोपली होती. बाकी सगळं दाखवलं. आणि मी स्वतः, कोणी न विचारता, वरच्या खोलीचा कोपरा बघायला त्यांना वर पाठवलं. छतातून पाणी उतरतं तिथं. पावसाळ्यात भिंत हिरवी होते, प्लास्टर हातात येतं. म्हटलं, हे एक दुखणं आहे या घराला, आधीच पाहून घ्या. वकील वरून खाली आला आणि हसला. "अरे चाची, ये तो हो जाएगा. घर में इतनी सफ़ाई है, किचन तो मंदिर जैसा रखा है आपने."

मंदिर. त्याचा शब्द. वडी तोंडात होती तेव्हाचा.

मग ठरलं की त्याचे मामा येऊन घर तपासतील. मामाजी सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ते जे सांगतील ती दुरुस्ती मी करून द्यायची, मग रजिस्ट्री. वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी रजिस्ट्री, पंचमीला गृहप्रवेश. मी म्हटलं, बरोबर आहे. घेणाऱ्यानं तपासून घ्यावं. आम्ही भाजी घेतो तर भेंडी मोडून पाहतो, हे तर घर आहे.

मामाजी आले, सोबत वकील आणि बायको. हातात टॉर्च, छोटी हातोडी. फरश्या ठोकून पाहिल्या, दारं ओढून पाहिली, मीटर पाहिलं. चांगलं काम करत होते. मी मागं मागं चहा घेऊन. ते आतल्या खोलीत शिरले, टॉर्च भिंतीवर मारला आणि टॉर्च तिथंच थांबला.

आमच्या बापाचा फोटो. निळा कोट, हातात जाड पुस्तक. नाव सांगायची गरज नाही, तुम्हाला कळलं. शेजारी बुद्धाची मूर्ती, समोर पांढरी फुलं. मी ते कधी झाकलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. ज्या खोलीत मी झोपते त्या खोलीत ते असतात, एवढंच.

मामाजी म्हणाले, "अच्छा... तो आप लोग..."

मी म्हटलं, "हाँ. हम लोग वही."

चहाचा कप त्यांच्या दुसऱ्या हातात होता. अर्धा प्यायलेला. त्यांनी तो खिडकीत ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मग ते तिघं बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. बायकोनं तोंडावर हात ठेवला. वकील जमिनीकडं बघत होता. थोड्या वेळानं आत आले आणि मग ती स्वयंपाकघरात शिरली, पदर बोटांना गुंडाळून. ओटा तोडा. सिंक काढा. नळ सगळे बदला. गच्चीवरची पाण्याची टाकी नवी बसवा. दोन्ही संडासांची भांडी नवी. स्वयंपाकघरातली फरशी उपटून नवी. "मज़दूर आप लगवाइए, मलबा भी आप ही उठवाइए. पंडितजी हवन तभी करेंगे जब ये सब हो जाए." मामाजी मान डोलवत होते.

माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. खरं सांगते. माणूस किती वेडं असतं बघा, इतकं आयुष्य गेलं तरी. मला वाटलं, इंजिनिअर आहेत, काही दोष दिसला असेल. मी वरच्या ओलीचं विचारलं, "और ऊपर वाली सीलन?"

मामाजी म्हणाले, "सीलन का क्या है, बहनजी. सीलन तो सूख जाती है."

तेव्हा शिरलं. डोक्यात शिरलं आणि पायापर्यंत उतरलं. पाणी गळतं ते छत त्यांना चालत होतं. बुरशीची भिंत चालत होती. जे मोडलेलं होतं ते सगळं चालत होतं. जे धड होतं, ज्याला माझा हात लागत होता, तेवढंच खराब होतं. ओल वाळते. मी वाळत नाही.

मला माझी आई दिसली. गावात पाटलाच्या घराचं बाहेरचं अंगण ती सारवायची. सकाळभर वाकून. अंगण आरशासारखं व्हायचं. आणि ती उठून बाजूला झाली की पाटलीण गोमूत्राचा गडवा घेऊन यायची आणि त्या सारवलेल्या अंगणावर शिंपडत जायची. आईचा हात वाळायच्या आत. मी लहान, मी विचारलं, आई, ती काय शिंपडते? आई म्हणाली, "चाल लवकर. ऊन झालं." बस्. एवढंच बोलली. पाटलिणीपाशी गडवा होता. या लोकांपाशी इंजिनिअर होता. गोमूत्राला आता रिपेअर म्हणतात.

त्या दिवशी मी नुसतं "देखते हैं" म्हटलं आणि गेट लावलं.

सुजाताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मी, बेच दो और निकलो वहाँ से. हर जगह यही है."

"मी ओटा फोडू? तुझ्या बापाचा ओटा?"

"पापा नहीं हैं, मम्मी. पत्थर है. मौसी वाला घर हाथ से जाएगा, तब रोओगी."

"रडणार नाही."

"रोओगी. मुझे ही फ़ोन करके रोओगी." पोरगी खरं बोलते, आईवर गेली. तिनं हे सगळं कॉलेजात भोगलंय, तिचा एक रस्ता आहे: मान खाली घालून पुढं निघायचं आणि वर पोचायचं. मी तिला दोष देत नाही. पण माझे गुडघे गेलेत, मान नाही गेली.

मग गुड्डूचा फोन. "अम्मा, थोड़ा एडजस्ट कर लो. सिर्फ़ टंकी और किचन. सीट वाला मैं उनसे छुड़वा देता हूँ." जसं काही भाजीवाल्याशी कोथिंबिरीचं बोलतोय.

मी म्हटलं, "गुड्डू, उनको बोल दे, सब हो जाएगा."

"सब?"

"जो रिपेयर का है, सब. पंचमी से पहले."

"सच, अम्मा?"

"तुझे कभी झूठ बोला?"

आणि मी त्याला खोटं सांगितलंच नव्हतं. मिस्त्री लावला दुसऱ्याच दिवशी. गच्चीचा तो कोपरा उकरून काढला, नवा कोबा घातला, वरच्या खोलीचं सडलेलं प्लास्टर पाडून नवं केलं, रंग दिला. जे मोडलं होतं ते दुरुस्त केलं. मी काठी टेकत एकेक पायरी चढून वर गेले आणि पाहून आले. सुंदर काम. माझ्या घराला आता दुखणं नाही.

मधल्या दिवसांत वकिलाचे फोन. "काम चल रहा है ना?" मी म्हणायची, "ज़ोरों से." हातोड्यांचा आवाज फोनमध्ये जात होता. तो खूश. बयाणा त्यांनी दिला नव्हता, दुरुस्ती बघून देऊ म्हणाले होते. शहाणी माणसं. मला काहीच परत करायचं नव्हतं. त्यांनी पाहुणे बोलावले, पंडित ठरवला, मिठाई सांगितली. गुड्डू मला सगळं हौसेनं सांगायचा. आणि मी ऐकून घ्यायची. जेवढे जास्त पाहुणे तेवढं मला बरं वाटायचं. हो, वाटायचं. अमीनाबादच्या बाजारात जाऊन काचेचे नवे ग्लास आणले मी. फुलांची नक्षी असलेले. दुकानदार म्हणाला, "घर में कोई शादी है, अम्मा?" म्हटलं, "वैसा ही समझो."

रजिस्ट्रीची सकाळ. आधी घर शेवटचं बघायचं, मग कचेरीत जायचं असं ठरलं होतं. गाडीतून वकील, बायको, मामाजी उतरले, पंडितजी पिशवी सांभाळत उतरले, मागून गुड्डू स्कूटरवर. आणि एक म्हातारी. वकिलाची आई, सुलतानपूरकडच्या गावाहून आलेली. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, माझ्याच वयाची. गुडघे तिचेही गेलेले, तिला हात देऊन उतरवलं.

वकील गेटापाशी तिला म्हणाला, "अम्मा, यही हैं. महाराष्ट्र की पंडिताइन."

ऐकलंत? फोटो बघितल्यावर. टाकी बदलायला सांगितल्यावर. आईला अजून सांगितलं नव्हतं त्यानं! घर स्वस्तात चांगलं मिळत होतं, ते सोडायचं नव्हतं. मला झाकून घर घ्यायचं होतं. तोवर माझ्या मनात थोडी कालवाकालव होती, जांभळाचं झाड डोळ्यांपुढं येत होतं. त्या एका वाक्यानं ती गेली.

"आइए, अम्माजी," मी म्हटलं. "बैठिए." ती खुर्चीवर बसली. मी नव्या ग्लासांत पाणी आणलं, ट्रे टीपॉयवर ठेवला. कोणी हात लावला नाही. मामाजी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि तिथून ओरडले, "यहाँ तो कुछ हुआ ही नहीं है!"

वकील धावला, बायको धावली. ओटा जागेवर. सिंक जागेवर. नळातून पाणी थेंब थेंब नाही, चांगलं धारेनं येत होतं.

"छत देखिए," मी म्हटलं. "सीलन ठीक करवा दी. वही टूटी थी."

बायको म्हणाली, "हमने जो बोला था, आंटी जी—"

मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी म्हातारीसमोर बसले. "अम्माजी, आपकी बहू ने ये अच्छा-भला स्लैब तुड़वाने को बोला. नल, टंकी, सब. पूछिए क्यों."

म्हातारी सुनेकडं वळली. "काहे, बहू?"

सून भिंतीकडं बघत उभी. भिंतीवर काय होतं सांगू? आतल्या खोलीतला फोटो मी त्या सकाळी हॉलमध्ये लावला होता, दारासमोर, हार घालून. म्हातारीची नजर सुनेच्या नजरेमागं गेली. तिनं डोळे बारीक केले. कळलं तिला. गावाकडची बाई, तो निळा कोट ती ओळखते. पदर ओढून खुर्चीतून उठायला लागली.

"बैठिए," मी म्हटलं. "उठने से क्या होगा? संक्रांति को आपके बेटे-बहू इसी किचन में मेरे हाथ का खा के गए हैं. माँग-माँग के."

पंडितजींनी पिशवी पोटाशी धरली.

म्हातारी म्हणाली, "खाए रहौ?" मुलाकडं बघून. "बोलत काहे नाहीं? हियाँ खाए रहौ?"

वकील. कोर्टात बोलायचे पैसे घेतो. इथं घड्याळ बघायला लागला.

मी म्हटलं, "स्लैब तो मैं तुड़वा देती, वकीलसाहब. गला कैसे तुड़वाओगे? टंकी नई आ जाएगी. पेट नया कहाँ से लाओगे?"

गुड्डू म्हणाला, "अम्मा, अम्मा, बस..." मी त्याला हातानंच थांबवलं.

मग वकील माझ्याजवळ आला, खाली आवाजात. "आंटी जी, जो हुआ सो हुआ. कुछ मत तुड़वाइए. जैसा है, हम ले लेंगे. रजिस्ट्री का टाइम निकल रहा है."

"पहले पानी पीजिए," मी म्हटलं.

त्यानं ट्रेकडं पाहिलं. आईकडं पाहिलं. दाराबाहेर त्याच्या नातेवाइकांची दुसरी गाडी येऊन लागत होती, हॉर्न वाजत होता. त्यानं ग्लास उचलला. डोळे मिटले आणि एरंडेल प्यावं तसं घटाघट प्यायला. सगळ्यांदेखत. आईदेखत. म्हातारीनं तोंड फिरवलं.

ग्लास ठेवून म्हणाला, "चलें?"

"कहाँ?"

"रजिस्ट्री..."

"घर नहीं बेचना," मी म्हटलं. "आपको नहीं बेचना."

"आपने कहा पानी पीजिए, मैंने पिया!"

"देखा मैंने, कैसे पिया. इस घर का पानी दवाई नहीं है. जाइए. मुहूर्त निकल जाएगा."

त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, पण मला रोज दिसतो. घर गेलं आणि आईच्या नजरेतून उतरला, दोन्ही एकाच ग्लासात. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लोक म्हणतील, म्हाताऱ्या माणसानं क्षमा करावी. माझ्या आईनं केली क्षमा. रोज केली. अंगण रोज शिंपडलं गेलं.

जाताना तो गेटावरून ओरडला, "देख लूँगा!" बघ की. वकील आहेस, कर केस. कोर्टात उभा राहा आणि सांग जजसाहेबांना, की बाईनं ओटा फोडला नाही म्हणून आमचं नुकसान झालं. का फोडायचा होता तेही सांग. मी समोरच्या बाकावर बसून ऐकेन.

आता पुढचं. नागपूरचं घर गेलं. होळी झाली, मालकानं दुसऱ्याला दिलं. बहीण फोनवर रडली. मी नाही रडले. सुजाता बरेच दिवस बोलली नाही. मग एक दिवस फोन आला, हिंदीत नाही, मोडक्या मराठीत: "आई, ओटा ठीक आहे?" मी म्हटलं, आहे. तिनं फोन ठेवला. गुड्डू माझ्यासाठी गिऱ्हाईक आणत नाही. सेक्टरमध्ये त्यानं सांगून ठेवलंय, अम्मा टेढ़ी हैं. असू दे.

घर मी विकणार आहे. पण फोटो हॉलमध्येच राहील, दारासमोर. येणाऱ्यानं आधी तो बघायचा, मग भिंती. ज्याला बघून पाय मागं घ्यायचा असेल त्यानं गेटातूनच घ्यावा, माझी फरशी वाचेल. आणि कोणी आलंच नाही तर मी इथेच मरेन. ओट्याला छिन्नी लागू देणार नाही.

वकील अजून याच सेक्टरमध्ये घर शोधतो आहे, कानावर आलंय. शोध बाबा. मिळेल तुला. पाटी लागेल, तोरण लागेल, पंडित बसेल. त्या दिवशी मी येणार आहे. बोलावणं नको मला. काठी टेकत येईन, तुझ्या नव्या सोफ्यावर बसेन आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तुझ्या बायकोला पाणी मागेन. ग्लासातून. आणि प्यायल्यावर तो ग्लास तुम्ही कुठं ठेवता ते बघितल्याशिवाय उठणार नाही.